खांद्यावरची बोटं

मंगळवारी सकाळी अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबावर, मी मेलेली होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत नुसती कोथिंबीर, आणि सहज वर पाहिलं तर मीच. पांढरी साडी, जाड काड्यांचा चष्मा, मागे निळंशार आकाश आणि कुठल्याशा थंड देशातलं तळं, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'कालकथित माणिकबाई यांना भावपूर्ण आदरांजली'. त्याखाली पुण्यानुमोदनाची वेळ आणि आमच्या विहाराचं नाव. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की फोटो बरा आला आहे. साडीच्या निऱ्या नीट होत्या. हनुवटीखालची कातडी कोणीतरी मेहनतीने ओढून घेतली होती. मग खालचं नाव पुन्हा एकदा वाचलं, कारण आमच्या महिला मंडळातली माणिकबाई खरोखरच गेली होती, आदल्या गुरुवारी, आणि मी तिला पोहोचवून आले होते. बाजूच्या कांदेवाल्याकडून कांदे घेतले, तर त्याने एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सुटे परत देताना हात जरा लांबूनच पुढे केला. मी त्याला म्हटलं, अजून घेते रे मी कांदे. तो हसला, पण पुरता नाही.

मी तिथेच उभी राहिले. आपण नसताना जग कसं दिसेल असा विचार या वयात कोणीही करतं, मीही करते, पण तो असा पिशवी धरून, उन्हात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये करावा लागेल असं वाटलं नव्हतं. जग तसंच होतं. एक पोरगी स्कूटीवर फोनवर बोलत गेली, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. आणि मग मला ती बोटं दिसली. फ्लेक्सवरच्या माझ्या उजव्या खांद्यावर चार बोटं होती, एका बोटात चांदीची अंगठी. हात नाही, मनगट नाही, नुसती बोटं, पदरावर टेकलेली, जणू माझ्या पाठीमागून कोणी डोकावणार होतं आणि थांबलं. ती बोटं मी कुठेही ओळखली असती. स्वतःच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर माणिकबाई एवढीच उरली होती.

तिला फोटोत हाताचं काय करावं ते कधी समजलं नाही. मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला महिला मंडळाचा फोटो निघाला, तेव्हाही पोरगा मोबाइल धरून उभा आणि ही आपले हात पुढे घे, मागे घे, पदरात घाल. "हात घरी ठिवून याव लागत होते वं मले," ती म्हणाली आणि सगळ्या बाया हसत असताना तिने एक हात माझ्या खांद्यावर टाकून दिला, ओझं टाकावं तसा. फोटो तेव्हाच निघाला. जड हात होता. गिरणीत दळण उचलून उचलून झालेला. माझा खांदा त्या दिवशी थोडा खालीच गेला होता आणि फ्लेक्सवरही तो तसाच, एका बाजूला कललेला होता. सुधारणाऱ्याने हनुवटी सुधारली, खांदा नाही.

दुपारी योगेश, तिचा नातू, तोंड एवढंसं करून आला. चूक अशी झाली होती की आजीचा एकटीचा फोटो घरात नव्हता, म्हणून त्याने मंडळाचा फोटो डिजिटलच्या दुकानात पाठवला आणि वर निरोप दिला, पांढऱ्या साडीवाली, चष्मेवाली काढ. आता त्या दिवशी आम्ही सगळ्याच पांढऱ्या साडीत. अर्ध्या जणी चष्म्यात. दुकानातल्या पोराने मधली उचलली, आणि मधली मी. घरचे सगळे रडण्यात, कोणी नीट पाहिलं नाही, फ्लेक्स खांबावर चढला. "मावशी, माफ करा जी," योगेश म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुझी आजी असती तर हसून हसून खाली बसली असती. तो एकदम रडला, मग हसला, आणि संध्याकाळी नवा फ्लेक्स लावल्यावर जुना गुंडाळून माझ्याकडेच घेऊन आला. फेकायला हात होत नव्हता म्हणाला, त्यावरचं माणूस जिवंत आहे.

तोवर माझ्या मरणाचा फोटो चांदूर बाजारपर्यंत पोहोचला होता. तिथे माझा धाकटा भाऊ संघपाल राहतो. त्याचा फोन आला आणि मीच उचलला म्हटल्यावर त्याने दोनदा विचारलं, कोन बोलते. मग रागावला. मी मेले नाही याचाच राग आल्यासारखा. राग निवल्यावर त्याने मूळ विषय काढला, आणि तो विषय म्हणजे त्याची मुलगी दीक्षा. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात तिला नोकरी चालून आली होती. चादरींवरची छपाई, त्याची डिझाइनं करायची. महिन्याचा पगार, जायला-यायला गाडी, अकोल्यापेक्षा घराला जवळ. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं आणि ही पोरगी अकोल्यात कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, भिंतीवर उजेड पाडत बसली होती. "तुह्यं आयकते ते, बाई. जाऊन समजावून ये," तो म्हणाला. "पस्तिशीले आली. किती दिवस भुताचे खेळ करन?" मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं. मी स्वतः जन्मभर महिन्याच्या पगारावर जगले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, बियाणं तपासणीच्या टेबलावर. ओल्या कागदावर सरकी मांडायची, अंकुरलेली वेगळी, न अंकुरलेली वेगळी. लग्न केलं नाही, पण पहिल्या तारखेची सवय मोडली नाही. सुखाची सवय होती ती. भाचीला ती लागावी असं मला का वाटू नये.

दीक्षा काय करते हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. तिने अमरावतीला चित्रकलेची पदविका घेतली आणि अकोल्यात बसस्टँडजवळच्या डिजिटलच्या दुकानात लागली, म्हणजे फ्लेक्स छापतात तिथे. वाढदिवसाचे दादा, निवडून आलेले भाऊ, आणि गेलेली माणसं. गेलेल्या माणसांचे फोटो नेहमी कशातून तरी काढावे लागतात, लग्नातून, साखरपुड्यातून, सहलीतून. घरचे येऊन सांगत, बाकीचे काढून टाक, एकटेच ठेव. माणूस कापून घ्यायचा, मागे तळं लावायचं, उरलेलं पुसायचं. त्याच्या खांद्यावर कोणाचा हात असला तर दुसऱ्या खांद्यावरचं कापड उचलून त्या हातावर बसवायचं, की हात गेला. ही पोरगी पुसत नव्हती. हात आधी वेगळा उचलून ठेवायची. दुकानात वर्षं गेली तशी तिच्याकडे हातांची साठवण झाली, आणि एका रात्री म्हणे तिने लग्नात लायटिंग करणाऱ्या जीवनकडून प्रोजेक्टर मागून आणला आणि गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवर ते हात पाडले. लोक जेवणं टाकून पाहायला आले. तिथून ती दुकान सोडून यातच पडली. केरळात बोलावणं आलं, मग कोरियातल्या एका शहरात, तिथे थंडीत हिला मोज्यांवर मोजे घालावे लागले. संघपालने नातेवाइकांना सांगितलं, दीक्षा डिजिटल आर्टिस्ट आहे, आणि नातेवाईक बारशाच्या फ्लेक्सचा मजकूर घेऊन आले. तिने बिचारीने करूनही दिले.

शुक्रवारी मी अकोल्याच्या बसमध्ये बसले. जुना फ्लेक्स गुंडाळून बरोबर घेतला होता, तिला हसायला होईल म्हणून. मनात वाक्यं जुळवत होते. पगार, म्हातारे आई-वडील, डोळ्यांवरचा ताण. पण वाक्यं जुळेनात, कारण बडनेरा ओलांडायच्या आधीच माझी नजर खांबांवर जायला लागली होती. एका खांबावर कोणी भाऊसाहेब होते, कोट घातलेले, आणि त्यांच्या दंडाला कोपराचा तुकडा चिकटलेला, दुसऱ्याच कोणाच्या कोपराचा. मी मान वळवून पाहिलं, बस पुढे गेली. मग सवयच लागली. जन्मभर कागदावरची सरकी पाहिलेले डोळे, त्यांना एकदा काय पाहायचं ते सांगितलं की ते थांबत नाहीत. मूर्तिजापूरला एका म्हातारबाबांच्या खांद्याशी कोणाच्या तरी पदराचा हिरवा काठ. पुढे एक तरुण मुलगा, फार तरुण, आणि त्याच्या गळ्याशी दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ. ज्याने मागून मिठी मारली होती तो मागे लावलेल्या तळ्यात बुडून गेला होता आणि घड्याळ वर राहिलं होतं. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बायांच्या पाठी वाकलेल्या, खिडकीतून गरम वारा, आणि मी एका गावाहून दुसऱ्या गावाकडे मेलेल्या माणसांना चिकटलेले जिवंत लोक बघत चालले होते. वाईट वाटायला हवं होतं. पण मला, काय सांगू, जत्रेला निघाल्यासारखं वाटत होतं. आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या बापाने आयुष्यात एकदा आम्हाला अकोल्याच्या स्टुडिओत नेलं होतं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर धबधबा आणि मोटार. संघपाल आईच्या कडेवर, तो त्या धबधब्याला हात लावायला धडपडत होता. बाप म्हणाला, हलू नका, आणि आम्ही श्वास धरून एकमेकांना इतके चिकटून उभे राहिलो की आईच्या दंडाचा घाम माझ्या गालाला लागला होता. तेव्हा पडदा खोटा होता आणि माणसं एका जागी होती. तो फोटो पुढे हरवला. घाम मात्र मला अजून आठवतो, गालावर, याच बाजूला.

जिनिंगच्या मोठ्या दाराशी दीक्षा उभी होती, केस वर बांधलेले, गळ्यात वायरीचं भेंडोळं. "जयभीम आत्या. मेली म्हने ना तू?" ती म्हणाली आणि पाया पडली. आत सरकीचा तेलकट वास, वर पत्र्यातून उन्हाच्या काड्या, आणि टोकाला काळे पडदे लावून केलेला अंधार. तिथे मला तिने एका जागी उभं केलं. मागून दिवा, समोर भिंत, भिंतीवर माझी सावली. बाजूला एक कॅमेरा होता. माणसाचा खांदा कुठे आहे ते त्याला कळतं, असं तिने सांगितलं. मी उभी राहिले. काही झालं नाही. मग सावलीच्या कडेने एक हात आला, गुबगुबीत, हिरव्या बांगड्यांचा, जरा घुटमळला आणि माझ्या सावलीच्या खांद्यावर बसला. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, आणि तरी खांद्याला ऊब लागली, हे मी शपथेवर सांगते. मी हलले की हातही हलत होता, सोडत नव्हता. एक हात गेला, दुसरा आला, पुरुषाचा, नखात ग्रीस. जीवन प्रोजेक्टरपाशी बसून चहा पीत होता, तो म्हणाला की सकाळी चहावाला आला होता, तो त्या जागेवरून हटायलाच तयार नव्हता, शेवटी त्याचे बाकीचे चहा गार झाले. मीही लवकर हटले नाही.

बाहेर ओसरीत बसलो तेव्हा मी वाक्यं गोळा करत होते. तिनेच मला वाचवलं. म्हणाली, बाबांनी पाठवलं ते माहीत आहे, बोलायची गरज नाही, सोमवारी ती हो म्हणणार आहे. हे प्रदर्शन आठवडाभर चालेल, मग संपलं. मी विचारलं, कावून. कारण साठवण संपली होती. तिच्या जुन्या दुकानात आता एका बोटाने माणूस कापला जातो, मशीनच कापतं आणि मागचं मशीनच भरतं, उरत काही नाही. आणि लोक फोटोही एकेकट्याचे काढतात. आहेत तेच हात ती इतकी वर्षं फिरवत होती. "मेल्यावर मानूस एकटंच पायजे लोकायले," ती म्हणाली. "आता जितेपनीच एकटे होऊन राहिले. माह्यं काम खतम झालं, आत्या. चादरी बऱ्या." हसतच म्हणाली. दुकानाचं काम संपलं की दिवे मालवावेत तसं.

माझं काम न बोलता झालं होतं. संघपालला फोन करून सांगायचं, की झालं. मी चहा घेतला. चहा गोड होता आणि मी तो अर्धाच ठेवला. ओल्या कागदावर काही वेळा असं व्हायचं, सगळी मुदत संपायची, सरकी तशीच पडून, आणि ती न अंकुरलेल्यांत टाकायला चिमटा पुढे करताना हात अडायचा. नियम असा होता की टाकायची. मी टाकत आले. सुखाची नोकरी होती ती, मी मघाशी म्हटलंच. आता शेजारी ही पोरगी बसली होती, संघपालसारखंच रुंद कपाळ, वायरीच्या टोकाचं प्लास्टिक दातांनी सोलत, आणि मला हायसं वाटण्याऐवजी आपण खिशात कोणाची तरी वस्तू घालून चाललो आहोत असं वाटत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी फ्लेक्स उलगडला.

ती हसली, तिने ठरल्याप्रमाणे माझ्या हनुवटीची थट्टा केली, आणि मग तिची नजर खांद्यावर गेली. गुडघ्यांवर बसून फ्लेक्सवर वाकली. बोटांवर बोट ठेवलं. "हे कोनाचे?" मी माणिकबाईचं सांगितलं, हात घरी ठेवून यायचं ते सांगितलं. "मशीननं कापलं हे," ती हळूच म्हणाली. "त्याले वाटलं, बोटं तुह्याच अंगाची हायेत." मग मी, माझ्या लक्षात यायच्या आधीच, तिला सगळं सांगायला लागले. बडनेऱ्याचं कोपर, मूर्तिजापूरचा हिरवा काठ, मिठीतलं घड्याळ. दिसलं तसं, जिथे दिसलं तिथलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी गोष्ट ऐकताना बघायची तशी नाही, वेगळं. पुसलं जात होतं तेव्हा ती हात वाचवून ठेवत होती. आता पुसणारंच चुकत होतं, आणि ते सगळे हात खांबांवर उघडे लटकत होते, उन्हात, वाऱ्यात, नव्या फ्लेक्सखाली जाईपर्यंत. तिने जीवनला हाक मारून सांगितलं, जरा बघ रे इकडे, आणि चपला घातल्या. मला म्हणाली, चाल. मी म्हटलं, जेवायचं आहे अजून. ती ऐकायला नव्हती.

अकोल्याच्या ऑक्टोबरच्या उन्हात, भर दुपारी, आम्ही दोघी माना वर करून फिरलो. लोक आमच्याबरोबर वर पाहायचे, त्यांना काही दिसायचं नाही. तिला मी दाखवायची, मला ती. मघाचा तो जडपणा कुठे गेला मला कळलं नाही, मी रस्ता ओलांडताना तिला ओढत होते. एका चौकात, किराणा दुकानासमोर, एक भारदस्त गृहस्थ टांगलेले होते, भरघोस मिशा, सोन्याची साखळी, चेहऱ्यावर असा दरारा की खाली उभं राहायची भीती वाटावी. आणि त्यांच्या कमरेशी, सदरा घट्ट मुठीत धरलेला, एक इवलासा हात. मनगटात काळा दोरा. पुढे पोरगं नाही. दीक्षाने फोन वर धरला आणि धरूनच राहिली, फोटो काढायचं विसरून. तेवढ्यात माझ्या पिशवीतला फोन वाजला.

संघपाल होता. समजावलं का, त्याने विचारलं. मी फोन कानापासून दूर धरला. दीक्षाने माझ्याकडे पाहिलं, फोन घेतला, आणि उगाच लांबण न लावता म्हणाली, "बाबा, सोमवारी नाई म्हनतो मी त्यायले." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. ती ऐकत होती, मध्येच हो म्हणत होती, डोळ्यांत पाणी होतं आणि नजर त्या मुठीवर. मला वाटलं आता ही वाकेल. वाकली नाही. मग तिने फोन माझ्याकडे दिला. "बाई, तुले समजवाले धाडलं होतं का बिघडवाले?" संघपाल म्हणाला. मी म्हटलं, समजवायलाच आले होते. मग आता काय करून राहिल्या, त्याने विचारलं. खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी सांगितलं. सांगितलं की खांबावर एक मोठा माणूस आहे, गेलेला, आणि त्याच्या सदऱ्याला एका लेकराने धरलं आहे, त्याचा हात तेवढा राहिला आहे, मनगटात काळा दोरा आहे, आणि इतकं घट्ट धरलं आहे की सदऱ्याला चुण्या पडल्या आहेत. भारदस्त चेहऱ्याच्या माणसालाही कोणीतरी असं धरलं होतं, हे त्या फ्लेक्सवर कोणाला लिहायचं नव्हतं, ते राहून गेलं आहे.

 त्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता, मागे भावजय भांडी लावत होती. मला वाटलं, ठेवणार आता. दीक्षा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कोनाचं पोरगं हाय ते?" संघपालने विचारलं.

मी म्हटलं, काय माहीत बाप्पा.

"मंग विचारा ना तिथं कोनाले," तो चिडूनच म्हणाला. "नुसत्या वर पाहून काय राहिल्या?"

मी ते तिला सांगेपर्यंत ती अर्धा रस्ता ओलांडून किराण्याच्या दुकानाकडे निघालीसुद्धा होती. दुकानदाराला ती वर बोट दाखवून काही विचारत होती, तो पुढे वाकून पाहत होता, आणि संघपाल माझ्या कानात म्हणत होता, काय म्हनते तो, सांग ना, काय म्हनते.